रआद मासा ते आरसीसीबी : पाण्यातल्या झटक्याचा इतिहास

गेल्या मे महिन्यात आम्ही सगळे मामूंच्या घरी जमलो होतो. दापोलीजवळचं गाव, मागे आमराई, पुढे समुद्राचा वारा. मामूंनी सौदीत पंचवीस वर्षं नोकरी केली आणि तिथल्या पैशातून १९८९ साली हे घर बांधलं. परसात एक छोटा तलाव बांधून घेतला. त्याला गावात सगळे 'मामूंचा हौद' म्हणतात. खरं तर तो पोहण्याचा तलावच आहे. निळ्या फरशा, स्टीलची शिडी, पाणी फिरवणारा पंप आणि भिंतीत पाण्याखाली बसवलेला एक दिवा. त्या काळी या दिव्याचं गावभर कौतुक झालं होतं.

संध्याकाळी मुलं पाण्यात होती. माझा नऊ वर्षांचा भाचा शिडी धरून वर येता येता थांबला आणि म्हणाला, "मामू, ही शिडी हाताला चावते." सगळे हसले. कुणी म्हणालं, थंडी वाजतेय त्याला. कुणी म्हणालं, पाण्यातून बाहेर यायचं नाही म्हणून बहाणा करतोय. मी स्वतः हात भिजवून शिडी धरली. बोटांत बारीक झिणझिण्या आल्या. मुंग्या चढल्यासारखं वाटलं, त्याहून जास्त काही नाही. मी मुलांना बाहेर बोलावलं, शिडीला हात न लावता पलीकडच्या पायऱ्यांनी, आणि धावत जाऊन घराचा मेन स्विच बंद केला. त्या रात्री जेवताना माझी थट्टा झाली. इतिहासाचा मास्तर विजेला घाबरला, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

मी इतिहास शिकवतो, वीज नव्हे, हे खरं आहे. पण त्या झिणझिण्यांनी मला एका जुन्या पुस्तकाची आठवण करून दिली. पुढचे काही महिने मी त्याच धाग्याने मागे मागे जात राहिलो. हाती जे लागलं ते वाचकांसमोर ठेवतो. यात वीजशास्त्रापेक्षा माणसांचा इतिहास जास्त आहे.

ते पुस्तक अब्दुल लतीफ अल्-बगदादी यांचं. हे हकीम ११६२ साली बगदादमध्ये जन्मले आणि १२३१ साली तिथेच वारले. मधल्या काळात ते इजिप्तमध्ये होते. तिथे जे पाहिलं ते त्यांनी 'अल्-इफादा वल्-इअ्तिबार' या ग्रंथात लिहून ठेवलं. वैद्यकाच्या इतिहासात त्यांचं नाव एका गोष्टीसाठी घेतलं जातं. गॅलन या ग्रीक वैद्याने लिहिलं होतं की माणसाच्या खालच्या जबड्यात दोन हाडं असतात. हजार वर्षं सगळे तसंच शिकत आणि शिकवत आले. इजिप्तमधल्या भीषण दुष्काळानंतर अल्-बगदादींना माणसांच्या सांगाड्यांचे ढीग पाहायला मिळाले. त्यांनी दोन हजारांवर कवट्या तपासल्या आणि लिहिलं की खालचा जबडा एकाच हाडाचा आहे. गॅलनबद्दल त्यांना आदर होता, पण डोळ्यांनी पाहिलेलं त्यांनी जास्त खरं मानलं.

याच ग्रंथात नाईल नदीतल्या प्राण्यांचं वर्णन आहे. त्यात एक मासा येतो, त्याला अरबीत रआद म्हणतात. 'रअद' म्हणजे मेघगर्जना. कुरआनातल्या तेराव्या सूरेचं नाव वाचकांना ठाऊक आहेच. त्याच धातूला थरथरण्याचाही अर्थ आहे. हा मासा जिवंत असताना हात लावला तर अंगात कंप येतो, हात बधिर होतो, असं अल्-बगदादी सांगतात. पुढे ते पोहणाऱ्या लोकांनी सांगितलेली एक गोष्ट नोंदवतात. हा मासा पोहणाऱ्याच्या अंगाजवळ आला की शरीर असं बधिर होतं की माणूस बुडता बुडता वाचतो.

आठशे वर्षांपूर्वीची ही नोंद मी पुन्हा पुन्हा वाचली. विजेचा शोध तेव्हा कोसो दूर होता. तरी पाण्यातल्या विजेचा धोका नेमका कुठे आहे, हे त्यात आलेलं आहे. माणूस भाजून मरत नाही. त्याचे हातपाय त्याचं ऐकेनासे होतात आणि तो बुडतो. आजही तलावात विजेची गळती होऊन कुणी दगावलं, तर अंगावर खूण दिसेलच असं नाही. लोक म्हणतात, पोहायला येत होतं, तरी कसा बुडाला कोण जाणे. कारण कळतच नाही, म्हणून दुरुस्तीही होत नाही.

आता नाईलवरून आपण वीजघरांच्या काळात येऊ. एडिसनच्या पिढीने १८८० नंतर शहरांत घरोघरी वीज नेली, तेव्हा मोठी भीती आगीची होती. तार तापली की लाकडी घर पेटायचं. म्हणून वाटेत एक बारीक, लवकर वितळणारी तार बसवायची पद्धत आली. तोच फ्यूज. आपल्याकडे त्याचं चिनीमातीचं रूप 'किटकॅट' किंवा 'कटआउट' म्हणून घराघरांत होतं, अनेक जुन्या घरांत अजून आहे. लहानपणी दिवे गेले की वडील मेणबत्ती घेऊन किटकॅट ओढायचे आणि तांब्याची नवी तार गुंडाळायचे. एक तार सारखी जळते म्हणून दोन-तीन पदरी तार घालणारेही शेजारी होते.

फ्यूज तारेचं रक्षण करतो, माणसाचं नाही. हा फरक मला पन्नाशी उलटल्यावर कळला. पाच अँपिअरचा फ्यूज पाच अँपिअरपर्यंत निवांत बसून राहतो. माणसाच्या हृदयाची लय बिघडवायला मात्र अँपिअरचा दहावा हिस्साही पुरेसा असतो. म्हणजे माणूस मरू शकेल इतक्या प्रवाहाच्या पन्नासपट वीज वाहिली, तरी त्या फ्यूजला ती आपली नेहमीचीच वाटते. मेन बोर्डावर फ्यूज आहे, मग काळजी कसली, असं म्हणणारे आपण सगळे इतकी वर्षं चुकीच्या पहारेकऱ्यावर विसंबून होतो.

माणसाला नेमकी किती वीज सोसते, हा प्रश्न शिस्तीत विचारणाऱ्यांमध्ये चार्ल्स डाल्झिएल यांचं नाव मोठं आहे. ते अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. १९४० च्या दशकात त्यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या लोकांवर प्रयोग केले. हातात तार धरायची, प्रवाह हळूहळू वाढवायचा आणि हात उघडून तार सोडता येते का ते पाहायचं. साधारण एक मिलीअँपिअरला, म्हणजे अँपिअरच्या हजाराव्या हिश्श्याला, माणसाला झिणझिण्या कळतात. त्यापुढे स्नायू आखडू लागतात, मूठ वळते, आणि एका हद्दीनंतर माणसाला ती उघडताच येत नाही. १३४ पुरुष आणि २८ स्त्रियांवरून त्यांनी ही हद्द मोजली. पुरुषांत ती सरासरी १६ मिलीअँपिअर भरली, स्त्रियांत साडेदहा.

वीज माणसाला 'चिकटवून ठेवते' असं आपल्याकडे म्हणतात. त्यामागचं कारण हेच. वीज ओढून धरत नाही, आपलेच स्नायू आपली मूठ बंद करतात. जमिनीवर असं झालं तर कुणी लाकडाने ढकलून सोडवू शकतं. खोल पाण्यात सोडवायला कुणी उडी मारली, तर तोही त्याच प्रवाहात सापडतो. एकामागोमाग एक दोघे-तिघे गेल्याच्या बातम्या येतात त्या यामुळेच. माझ्या भाच्याला आणि मला ज्या झिणझिण्या जाणवल्या, त्या एक-दोन मिलीअँपिअरच्या असाव्यात. तिथून मूठ न उघडण्याच्या हद्दीपर्यंत फार लांबचा रस्ता नाही. लहान मुलांसाठी तर तो आणखी जवळचा.

पाण्यात धोका का वाढतो, हेही याच हिशेबात बसतं. कोरडी त्वचा विजेला बऱ्यापैकी अडवते. भिजलेल्या अंगाचा विरोध खूप खाली, हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची. भागाकार केला की उत्तर येतं २३० मिलीअँपिअर. डाल्झिएल यांचे आकडे समोर ठेवून हा भागाकार मी वहीत केला आणि वही मिटून काही वेळ नुसता बसून राहिलो.

आकडे कळले, पण इतक्या थोड्या गळतीवर वीज तोडणारं यंत्र हवं होतं. त्याची पहिली खरी गरज सोन्याच्या खाणींत भासली. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ हेन्री रुबिन नावाचे अभियंते होते. खाणीत ओल, अंधार, ओढल्या जाणाऱ्या केबली आणि खाली राबणारे हजारो मजूर. तोपर्यंतची गळतीसंरक्षक यंत्रणा साधारण दहा अँपिअर गळती झाल्यावर जागी व्हायची. माणसासाठी ती असून नसल्यासारखीच. रुबिन यांनी १९५५ साली २५० मिलीअँपिअरवर तुटणारी यंत्रणा केली. वर्षभरात, १९५६ मध्ये, १२ ते १८ मिलीअँपिअरच्या आसपास तुटणारा नमुना तयार झाला. त्यानंतर स्टिलफॉन्टेन या खाणकामगारांच्या वस्तीत एका घरात एक स्त्री विजेच्या धक्क्याने गेली. १९५७-५८ मध्ये त्या वस्तीतल्या काही शे घरांत २० मिलीअँपिअरची उपकरणं बसली. घर जळू नये म्हणून बसवलेली उपकरणं जगात पुष्कळ होती. घरातला माणूस मरू नये म्हणून बसवलेली ही पहिल्या काही उपकरणांपैकी. त्यामागे एक मयत होती, हे विसरून चालत नाही.

त्याच दशकात ऑस्ट्रियात गॉटफ्रीड बीगेलमायर याच प्रश्नावर काम करत होते. त्यांनी स्वतःच्या शरीरातून वीज सोडून मोजमापं घेतली. अमेरिकेत डाल्झिएल यांनी १९६१ च्या सुमारास पाच मिलीअँपिअरवर तुटणारं छोटं उपकरण तयार केलं. १९६५ मध्ये त्याचं पेटंट मिळालं.

या सगळ्या उपकरणांमागची युक्ती एखाद्या किराणा दुकानदाराला लगेच समजेल अशी आहे. जेवढा माल गेला तेवढी रक्कम परत आली पाहिजे. फेजच्या तारेतून जेवढी वीज घरात जाते, तेवढीच न्यूट्रलमधून परत यायला हवी. दोन्ही तारा एका लोखंडी कड्यातून नेतात. जाणारा आणि येणारा प्रवाह सारखा असेल, तर कड्यात त्यांचा परिणाम एकमेकांना पुसून टाकतो. थोडीशी वीज दुसऱ्या वाटेने, म्हणजे ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या अंगातून, जमिनीत गेली की हिशेब जुळत नाही आणि खटका पडतो. आपल्याकडे यालाच आरसीसीबी म्हणतात. घरासाठी तो ३० मिलीअँपिअरचा घेतात. तेवढ्या गळतीला तो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत वीज तोडतो. गळती पाचपट असेल तर सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्श्यात.

पोहण्याचे तलाव इथूनच या इतिहासात येतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मध्यमवर्गीयांच्या परसात तलाव झाले. पाण्याखाली दिवे आले, पंप आले, कडेला रेडिओ वाजू लागले. तिथल्या राष्ट्रीय वीजसंहितेत तलावांसाठी वेगळं प्रकरण १९६२ च्या आवृत्तीत आलं. १९६८ च्या आवृत्तीत पाण्याखालच्या दिव्यांसाठी डाल्झिएल यांच्यासारख्या उपकरणाचा नियम आला. हे लक्षात घेण्यासारखं आहे. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांचे नियम त्यानंतर आले. पहिला मान पाण्याखालच्या दिव्याचा होता. कुठे सर्वांत घाईने संरक्षण हवं आहे, हे नियम करणाऱ्यांना बरोबर उमगलं होतं.

आपल्या देशात १९१० चा वीज कायदा आणि १९५६ चे नियम बराच काळ चालले. त्या नियमांत गळतीसंरक्षक उपकरणाची अट नंतर आली, पण पाच किलोवॉटखालच्या छोट्या जोडण्या तिच्यातून वगळल्या होत्या. म्हणजे बहुतेक घरं बाहेरच. २०१० मध्ये केंद्रीय वीज प्राधिकरणाने सुरक्षेचे नवे विनियम काढले, त्यात घरगुती जोडणीसाठी ३० मिलीअँपिअरची मर्यादा लिहिली गेली. मामूंच्या घरातली वायरिंग १९८९ ची. लाकडी पट्ट्यांवर क्लिपा मारून नेलेल्या तारा, चिनीमातीचे कटआउट, लोखंडी मेन स्विच आणि अर्थिंगसाठी मीठ-कोळसा घालून पुरलेला एक पाइप. त्या काळाच्या मानाने हे चांगलं काम होतं, हे मी मुद्दाम सांगतो.

कारण हे काम ज्यांनी केलं ते वायरमन चाचा अजून हयात आहेत. सत्तरी उलटली आहे. गावातल्या निम्म्या घरांत पहिला दिवा त्यांच्या हाताने लागला. तलावाची वायरिंग बदलायची असं मी म्हणालो, तेव्हा मामूंचा खरा अडसर पैशाचा नव्हता. ते म्हणाले, "अरे, त्यांना काय वाटेल? पस्तीस वर्षांत त्यांच्या कामाला कुणी बोट लावलं नाही."

दोन वर्षांपूर्वी मामूंनी शहरातून कुणाला तरी बोलावून एक आरसीसीबी बसवलाही होता. तो पावसाळ्यात सारखा पडायचा. शेवटी एका पोराने तारा जोडून त्याला वगळून टाकलं आणि सांगितलं, "माल खराब आहे." सगळे खूश झाले, कारण दिवे जाणं थांबलं. हे ऐकून मला गॅलनचा जबडा आठवला. उपकरण काहीतरी सांगत होतं. आम्ही त्यालाच खोटं ठरवून मोकळे झालो.

या वेळी आम्ही परवानाधारक ठेकेदाराला बोलावलं आणि वायरमन चाचांनाही. मीच त्यांना आणायला गेलो. ते काठी टेकत आले आणि पंपाच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत.

आधी संपूर्ण वीज बंद केली. मग मेगर लावला. हे यंत्र तारेवर ५०० व्होल्टचा दाब देऊन तिचं आवरण शाबूत आहे का ते दाखवतं. चांगल्या तारेत निदान एक मेगओहम, म्हणजे दहा लाख ओहम, यायला हवेत. पाण्याखालच्या दिव्याच्या तारेवर काटा शून्याशेजारीच पडून राहिला. फरशी उकरली तेव्हा कारण दिसलं. तार पाइपशिवाय मातीत गाडलेली होती आणि मध्ये एक जोड होता, नुसती टेप गुंडाळलेला. टेप कधीच कुजून गेली होती. कोरड्या दिवसांत गळती थोडी, पाऊस पडला की जास्त. आरसीसीबी पावसाळ्यात का पडायचा, हे असं उलगडलं.

अर्थिंग मोजली तर विरोध चाळीस ओहमच्या वर. खारी हवा आणि मीठ यांनी पाइपावरचा जोड खाऊन टाकला होता. २३० ला ४० ने भागलं की पावणेसहा अँपिअरही पुरते होत नाहीत. पंपाच्या लाइनवर सोळा अँपिअरचा फ्यूज होता. म्हणजे पंपाच्या लोखंडी अंगावर सबंध फेज आला असता, तरी तो फ्यूज उडालाच नसता. पंप तसाच जिवंत राहिला असता आणि आम्ही 'अर्थिंग आहे' म्हणून निर्धास्त.

मग नवं काम सुरू झालं. ज्यांच्या घरी जुना तलाव आहे, त्यांनी ठेकेदाराशी बोलताना उपयोगी पडावं म्हणून मोजक्या शब्दांत सांगतो. पाण्यातला २३० व्होल्टचा दिवा काढून १२ व्होल्टचा एलईडी बसवला. त्याचा सुरक्षित ट्रान्सफॉर्मर तलावापासून दूर, कोरड्या जागी. आंतरराष्ट्रीय मानकांचा नियम असा की तलावाच्या आत आणि काठापासून दोन मीटरच्या पट्ट्यात अशा कमी दाबाचीच वीज असावी आणि ती देणारा ट्रान्सफॉर्मर या पट्ट्यांच्या बाहेर असावा. पट्ट्यात येणारा प्लगचा बोर्ड काढून टाकला. तलावासाठी मुख्य बोर्डापासून वेगळी लाइन ओढली, सबंध पाइपातून, मध्ये एकही जोड न ठेवता. तिच्यावर तिचा स्वतंत्र ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी. नवी अर्थिंग केली आणि मोजूनच खड्डा बुजवला. क्लोरीनचे डबे बोर्डाच्या खोलीतून हलवले, कारण त्याची वाफ तांबं आणि लोखंड दोन्ही खाते.

आणखी एक काम होतं, ते मला सर्वांत नवं वाटलं. शिडी, पंपाचं अंग, कठड्याचा पाइप, काठाच्या काँक्रीटमधल्या सळ्या, जे जे धातूचं हाताला लागू शकतं ते सगळं जाड तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडलं. याला बाँडिंग म्हणतात. अर्थिंग वेगळी, हे वेगळं. तारेवर बसलेल्या कावळ्याला झटका बसत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच दाबावर असतात. तलावातल्या माणसाच्या दोन हातांखालीही दाब सारखाच राहावा, म्हणून ही जोडणी. भाच्याला शिडी 'चावली' ती पाण्याचा आणि शिडीचा दाब वेगळा होता म्हणून.

घराच्या जुन्या वायरिंगनेही एक गंमत दाखवली. नवा आरसीसीबी घराच्या लाइनला लावताच पडला. गळती नव्हती. वरच्या मजल्यावरच्या एका दिव्याने खालच्या लाइनचा न्यूट्रल उसना घेतला होता. वीज जायची एका वाटेने आणि परतायची दुसऱ्या, मग हिशेब जुळणार कसा? हा दोष नेमका कुठे आहे ते कुणी सांगितलं असेल? वायरमन चाचांनी. खुर्चीतून उठून ते जिन्याखाली गेले, एका लाकडी पेटीवर काठी टेकवली आणि म्हणाले, "इथे उघडा. तार कमी पडली होती त्या दिवशी. ईद दोन दिवसांवर आली होती."

संध्याकाळी चहा घेताना ते माझ्याकडे वळले. "मास्तर, ती टेप मीच गुंडाळली होती. त्या पाण्यात या घराची तीन पिढ्यांची पोरं खेळली."

मी म्हणालो, "चाचा, तुम्ही काम केलंत तेव्हा आपल्या घरांसाठी तसा नियमच नव्हता."

ते म्हणाले, "नियम नव्हता हे खरं. पण पाइप होता. पाइप मिळत होता. मी घातला नाही."

मला उत्तर सुचलं नाही. इतिहासाच्या माणसाला एक सवय असते, प्रत्येक चूक तिच्या काळाच्या हवाली करून मोकळं व्हायची. चाचांनी ती सवलत घेतली नाही. काळाचा वाटा काळाला दिला आणि स्वतःचा स्वतःकडे ठेवला. मी मात्र त्यांच्याकडे पाहताना आरसीसीबी वगळणाऱ्या त्या पोराचा विचार करत होतो, आणि 'थंडी वाजतेय त्याला' म्हणून हसणाऱ्या आम्हा सगळ्यांचाही. चाचांना जे ठाऊक नव्हतं, ते आम्हाला ठाऊक असायला हरकत नव्हती.

आपल्याकडे अशा वेळी एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'अल्लाहवर भरवसा आहे.' भरवसा असायलाच हवा. पण उंट आधी बांधावा आणि मग तवक्कुल करावा, ही शिकवण आपण मदरशात पहिल्याच वर्षी ऐकतो. मुलं ही आपल्याकडे अमानत आहेत. आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं एक छोटं बटण असतं. ते अधूनमधून दाबायचं. खटका पडला तर उपकरण जिवंत आहे, नाही पडला तर त्याच दिवशी बदलायचं. याला पाच सेकंद लागतात. आणि पाण्यात कुणी आखडलेलं दिसलं तर उडी नाही, आधी मेन स्विच. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला तो स्विच कुठे आहे हे अंधारातही सापडलं पाहिजे.

निघण्याच्या दिवशी, जुम्याच्या नमाजला आम्ही गावच्या मशिदीत गेलो. वजू करायला हौदाच्या कडेला बसलो आणि माझी नजर वर गेली. हौदावर छताला ट्यूबलाइट, तिची तार उघड्या खिळ्यांवरून गेलेली. कोपऱ्यात सबमर्सिबल पंप, त्याची केबल काठावरून थेट पाण्यात. खालच्या दगडी पायरीवर शंभर माणसं अनवाणी, ओल्या पायांनी बसलेली. शेजारी वायरमन चाचा बाह्या सरसावून बसले होते. त्यांनीही वर पाहिलं, मग माझ्याकडे.

नमाजनंतर ते ट्रस्टच्या लोकांशी बोलले. हौदाची वायरिंग त्यांच्या देखरेखीखाली बदलायचं ठरलं. काम पुढच्या पंधरवड्यात झालं. मला फोनवर त्यांनी एवढंच सांगितलं, "या वेळी सगळीकडे पाइप घातला आहे. आणि मोजून घेतलं."